लिव्हरवरचा हात

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणं चांगली होती: आधी नोकरी, मग निवृत्ती, मग गुडघे. आता गुडघेही नवे बसवून झाले, त्यामुळे सबबी संपल्या.

मी पुण्यात मोटर ग्लायडर शिकवायचो. लांब पंखांचं, छोट्या इंजिनाचं, दोन जणांचं विमान. उतरताना डाव्या हातातला लिव्हर ओढला की पंखांवर फळ्या उभ्या राहतात आणि विमान खाली बसतं. शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा लिव्हर आतून जोडलेला. आम्हा शिक्षकांची एक पद्धत होती: शिष्याच्या नकळत आपल्याकडून हळूच सावरून घ्यायचं आणि उतरल्यावर सांगायचं, मी हातही लावला नाही, सगळं तूच केलंस. त्यानं आत्मविश्वास वाढतो म्हणे.

खडकीच्या क्वार्टर्समधली एक मुलगी शिकायला होती. वडील दारूगोळा कारखान्यात फिटर. माझ्या सगळ्या शिष्यांत ती चांगली. दोन-चार दिवसांत एकटी उडणार होती. त्या सकाळी ती धावपट्टीवरच्या पांढऱ्या खुणेच्या जरा पुढे उतरत होती. बिघडलं काहीच नव्हतं, पट्टी भरपूर उरली होती. पण माझे शिष्य पांढऱ्या खुणेवरच उतरतात अशी माझी ख्याती होती, निदान माझ्या मते. जमीन पुरुषभर खाली असताना मी लिव्हर पूर्ण ओढला. विमान धाडकन आदळलं. चाक मोडलं, तिच्या कमरेचा मणका दुखावला. मला खरचटलंही नाही. अनुभवी माणूस.

चौकशीत तिला विचारलं, लिव्हर कोणी ओढला?

"मीच ओढला असणार. सर कधीच हात लावत नाहीत."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. तोंडानं हो म्हटलं असतं तर ते खोटं बोलणं ठरलं असतं. अहवालात प्रशिक्षणार्थीची चूक लिहिली गेली. तिचं उडणं तिथंच संपलं. मला पुढे सुरक्षिततेवर व्याख्यानं द्यायला बोलावू लागले, मीही गेलो.

गेल्या महिन्यात पत्ता काढून कर्वेनगरला तिच्या घरी गेलो. रिक्षात वाक्य पाठ करत होतो: लिव्हर मी ओढला होता, मला माफ कर. तिला वाकता येत नाही, म्हणून तिनं हात जोडले. चहा दिला. मग म्हणाली, "सर, किती वर्षं सांगायचं होतं. माझ्यामुळे तुमच्या नावाला डाग लागला. माफ करा मला."

मी कप खाली ठेवला आणि मोठ्या मनानं म्हणालो, "असू दे गं. होतं असं."