लॅपटॉपला बांधलेली पट्टी

आजारी यंत्राला कुरवाळून बरं करणारा माणूस साऱ्या जगात एकच आहे आणि तो श्रीरामपुरात, आपल्या गल्लीच्या तोंडाशी दुकान थाटून बसतो, हे मी तुम्हां दोघांना शपथेवर सांगते. हे गृहस्थ तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात जखमा धुऊन पट्ट्या बांधत होते. निवृत्तीनंतर आधी रेडिओ, मग मोबाईल आणि आता लॅपटॉप दुरुस्त करतात. पेशंट बदलले, पण पद्धत तीच. मिक्सर नेला तरी आधी तळहात ठेवून ताप बघतात आणि विचारतात, "कालपासून काय काय दळलं?" कोणी आवाज चढवला तर ओठांवर बोट. "हळू बोला, बुजतंय ते." सगळी गल्ली त्यांना डॉक्टरच म्हणते.

माझ्या लॅपटॉपवर शब्दकोश पडून पडदा फुटला, तो त्यांनी नवा बसवून दिला. घरी येऊन उघडते तर चित्र थरथरतंय! रविवारी व्हिडिओ कॉलवर तुमची इरा तिच्या या आजीला तिची पहिली मराठी गोष्ट वाचून दाखवणार होती, आणि मोबाईलवर तर तुमचे चेहरे मला शेंगदाण्याएवढे दिसतात. शुक्रवारी सकाळीच मी दुकान गाठलं.

"डॉक्टर, हा थरथरतोय."

"थंडी वाजत आसंल," ते म्हणाले, आणि ते थट्टा करत नव्हते. त्यांनी लॅपटॉप दुकानातल्या टीव्हीला जोडला. तिथे चित्र अगदी स्थिर. "मेंदू शाबूत हाय." मग लंगडणारा बैल चालवून बघावा तसं त्यांनी झाकण सावकाश उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "बघा बाई, निम्मं उघडलं की गप ऱ्हातंय, पुरतं उघडलं की थरथरतंय. दुखनं बिजागरीत हाय."

खोलून बघितलं. पडद्याकडे जाणारी वायर बिजागरीतून जाते. तिला इजा होऊ नये म्हणून कोणीतरी तिच्याभोवती जखमेची चिकटपट्टी चांगली चार वेढे गुंडाळली होती. जाड झालेली वायर झाकण उघडताना चेंगरत होती. डॉक्टरांनी त्या पट्टीवरून बोट फिरवलं.

"माजीच पट्टी," ते हळूच म्हणाले. "हाताची सवय, बाई. उघडी नस दिसली की ऱ्हावत न्हाई."

स्पिरिटच्या बोळ्याने त्यांनी ती पट्टी इतक्या हळुवार सोडवली, की फुंकर घालावी असं मलाच वाटलं.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून घरी हजर. "गरम झाल्यावर काय करतंय ते बघाया आलो." आणि माझ्या मागे खुर्ची घेऊन बसले. इराने गोष्ट वाचली, तुमच्या कबीरने पडलेल्या दाताची खिंड दाखवली. चाळीस मिनिटांत चित्र एकदाही हललं नाही. मी आवरतं घेऊ लागले, तर मागून आवाज आला, "अजून पाच मिन्टं बोला की."

मी वळून बघितलं. डॉक्टरांचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. कबीरची खिंड बघत ते स्वतःच्या पडलेल्या दाताच्या जागेवरून जीभ फिरवत होते आणि हसत होते. घरी ते एकटेच असतात.

जाताना चपला घालत म्हणाले, "बरं झालंय ते. आता माजं काम न्हाई."

मी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. तरी मी म्हणाले, "मधे एकदा थरथरल्यासारखं वाटलं मला. पुढच्या रविवारी बघून जाल?"

त्यांनी गंभीरपणे विचार केला. "मग यावंच लागंल," ते म्हणाले. "तवर त्या पोराचा दात कुठवर येतोय, तेबी बघू."