वास माझ्या कानातल्यांचा नव्हता

माझ्या कानातल्यांना मासळीचा वास येतो, असं बोरीवलीतल्या एका डिझायनरने मला तोंडावर सांगितलं आणि मी 'सॉरी' म्हणाले. वास त्यांचा नव्हता.

ही डिझायनर म्हणजे रेवती. सोसायटीच्या तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तिचा स्टुडिओ आहे. हाताने शिवलेल्या बॅगा ती स्वतः करते, आणि दागिने मात्र नव्या मुलींकडून घेते. मी वेंगुर्ल्याच्या शिंपल्यांची कानातली करते. दोन महिने धीर गोळा करून मी तिला फोटो पाठवले, तिने 'ये' म्हटलं. तिने ठेवून घेतली तर माझी कानातली पहिल्यांदाच आमच्या नातेवाइकांच्या कानांपलीकडे जाणार होती.

"मी येते सोबत," आई म्हणाली.

"आई, हे काम आहे. लग्नाचं बोलणं नाही."

"म्हणूनच येते. तू तिथे तोंड उघडणार आहेस का?"

(यावर मी तोंड उघडलं नाही.)

आईने सोबत सुकट घेतली. मामाने गावाहून पाठवलेली, पेपरात गुंडाळून वर प्लास्टिकची पिशवी. कोणाच्या दारात रिकाम्या हाताने जायचं नसतं!

स्टुडिओ पांढराशुभ्र होता. लॅव्हेंडरची मेणबत्ती जळत होती. रेवती पाणी आणायला आत गेली.

"आता देऊन टाक ना," मी कुजबुजले.

"वेडी आहेस? आधी दिली तर लाच वाटेल. आधी काम, मग सुकट."

तोवर ती ठेवायची कुठे? आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दारामागे खुंटी आहे. तिथे लटकते ती बाजाराची पिशवी, तिच्यात काहीही टाकावं. इथेही दारामागे खुंटी होती. तिला जुन्या इरकली साड्यांच्या तुकड्यांची एक बॅग लटकत होती. मी डबा उघडून कानातली मांडेपर्यंत सुकट बॅगेत गेलेली होती.

"आई! ती विकायला आहे!"

"जाताना काढते गं. खाणार आहे का ती बॅग?"

इतक्यात एक गिऱ्हाईक आलं. साठीच्या, नीटनेटक्या बाई. त्यांना सगळ्या स्टुडिओतून नेमकी तीच बॅग आवडली. रेवतीने ती कौतुकाने त्यांच्या हातात दिली.

"सगळे रंग नैसर्गिक आहेत, मॅडम."

बाईंनी नाक वर केलं. "वासही नैसर्गिक आहे."

रेवतीने हवा हुंगली, मेणबत्ती हुंगली, आणि तिची नजर माझ्या शिंपल्यांवर येऊन थांबली.

"या कानातल्यांना मासळीचा वास येतोय. तू हे शिंपले नीट धुतलेस ना?"

खरं सांगावं तर आईची लाज जाणार. नाही सांगावं तर कानातली जाणार. मी बराच विचार करून म्हटलं, "सॉरी. बहुतेक धुतले."

"बहुतेक?"

आई खुर्चीवरून उठली. चिडली की ती मालवणीत सुरुवात करते, आणि मी मुलगीची 'चेडू' होते.

"माझ्या चेडवाक काय बोलू नको! तीनदा धुतले तिने, माझा सगळा व्हिनेगर संपवला! वास सुकटीचा आहे. मी ठेवली आहे त्या बॅगेत!"

मी मेणबत्तीकडे बघत राहिले. कुठेतरी बघायला हवं होतं.

बाईंनी बॅगेत हात घालून पुडी काढली, पेपर सोडला आणि डोळे मिटून वास घेतला.

"गावची?"

"वेंगुर्ल्याची," आई म्हणाली.

"माझी सून घरात सुकट आणू देत नाही." बाईंनी पुडी पुन्हा बॅगेत ठेवली. "ही बॅग मी घेते."

"मी रिकामी करून देते ना," रेवती गडबडीने म्हणाली.

"हात लावू नकोस. अशीच पॅक कर."

आईने तिथल्या तिथे त्यांना कांदा कधी घालायचा ते सांगितलं, आणि रेवतीला "तुझी वेगळी आणते गं" असं वचन दिलं. माझी कानातली टेबलावर तशीच पडून होती. ती रेवतीकडे ठेवून आम्ही निघालो. उचलून परत आणण्याइतकाही धीर माझ्यात उरला नव्हता.

दोन दिवसांनी रेवतीचा मेसेज आला. 'सगळे जोड ठेवलेत. आणखी कर. पुढच्या वेळी तू आली नाहीस तरी चालेल, पण काकूंना नक्की पाठव.'

मी नुसता अंगठा पाठवला. तोसुद्धा आईला विचारून.