मावशीला न लागणारी गाडी

आबांनी आयुष्यभर बैल घेतले ते एकाच पद्धतीने. भरलेल्या बैलगाडीची दोन्ही चाकं साखळीने बांधायची, बैल जुंपायचे आणि विकणाऱ्याला म्हणायचं, "पयले वढू दे, मंग बोलूत." चाकं फिरत नाहीत, गाडी फरफटत न्यावी लागते. जो बैल खूर रोवून ती हलवतो तो घ्यायचा. परीक्षा झाली की एका चाकाची साखळी घेणाऱ्याने सोडायची आणि दुसऱ्याची विकणाऱ्याने. दोघांनी सोडली म्हणजे दोघांनाही पारख मान्य, मग भावावर बोलायचं. आता आमच्या गोठ्यात बैल नाहीत. साखळ्या आहेत.

आबा म्हणजे माझे वडील. आम्ही भडगावचे. मी नोकरीसाठी जळगावला राहते आणि शनिवारी-रविवारी स्वतःची छोटी गाडी घेऊन घरी येते, त्यामुळे घरात गाड्यांमधली जाणकार मीच, असा माझा समज होता. म्हणूनच मोठी पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हा मी पुढे झाले.

पिकअप हवी होती आईसाठी. आई लग्नाघरी मांडे करून द्यायची. मांडे म्हणजे आमच्याकडची खापरावरची पुरणपोळी. चुलीवर मातीचं मोठं खापर पालथं घालायचं, पुरण भरलेली कणीक दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ओढणीएवढी पातळ करायची आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकायची. कणीक तिंबणं, पुरण वाटणं, जाळ सांभाळणं हे आई आणि शेजारच्या दोघी करायच्या. मांडा टाकायची मात्र मावशी. ती आमची सख्खी मावशी नाही, तीन घरं सोडून राहते, पण तिच्या हातावर मांडा चढला की लग्नाघरची पोरंटोरं खेळ सोडून बघायला यायची. मी पुष्कळदा करून पाहिलं. माझा मांडा कोपरापर्यंत येतो आणि तिथे फाटतो.

या मावशीला गाडी लागते. एरवी ती खमकी बाई आहे, गल्लीतली भांडणं तिच्याकडे मिटतात. पण डिझेलचा वास नाकात गेला की संपलं. भाड्याच्या गाडीतून लग्नाघरी पोचायची ती पांढरीफटक होऊन, हातात लिंबू, कपाळावर ओला रुमाल. तासभर आडवी पडायची, मग उठून कामाला लागायची. साक्रीच्या एका लग्नात मात्र तिला लवकर उठताच आलं नाही. पंगत खोळंबली. मुलीची आजी आईला चारचौघांत म्हणाली, अशी आजारी बाई कशाला आणता? पुढे त्याच घरातल्या धाकटीचं लग्न ठरलं आणि त्या आजीचाच फोन आला. मांडे तुमचेच हवेत, तेवढी ती बाई नका आणू.

आई फोनवर "बघू" म्हणाली आणि फोन ठेवल्यावर आम्हाला म्हणाली, "तिले सोडीसन मी कोठेच जात नई." खापरं माळ्यावर गेली. साक्रीचंच नाही, कुठलंच काम तिने घेतलं नाही. मावशीला यातलं काही कळू द्यायचं नव्हतं, म्हणून तिला सांगितलं, गुडघे दुखतात. झालं, मावशी रोज संध्याकाळी तेलाची वाटी घेऊन हजर. माझ्या आईचे गुडघे तेव्हाही ठणठणीत होते आणि आजही आहेत, पण त्या काळात त्यांना जेवढी मालिश मिळाली तेवढी एखाद्या पैलवानाला मिळत नसेल. आई डोळे मिटून, अधूनमधून कण्हत, ती सोसायची. मला हसू यायचं आणि राग यायचा. खरं सांगून टाक म्हटलं तर आई डोळे वटारायची.

आई काम सोडून घरात बसली तशी चिडचिडी झाली. आबांना ते बघवेना. त्यांनी कोणाला न विचारता वेल्डिंगवाल्याकडून दोन चाकांची ट्रॉली करून घेतली आणि तिच्यात विटामातीच्या चुली पक्क्या बसवल्या, वर पत्रा, बाजूला सरपणाची जागा. लग्नाघरी जाऊन विटा मांडा, वारा अडवा, ही कटकटच नको. ट्रॉली सुरेख झाली आणि अतोनात जड झाली. आईने तिच्याकडे बघितलं, चुलीला बोट लावून सारवण तपासलं आणि म्हणाली, आता ही ओढणार कोण? आबांना तेवढंच पुरे होतं. आई कोण ओढणार विचारते आहे, म्हणजे जायचं तिच्या मनात आहे.

साक्रीचं लग्न तोंडावर आलं होतं. त्यांनी दुसरीकडे चौकशी केली होती, मनासारखं कोणी मिळालं नव्हतं, पुन्हा फोन येत होते. आई त्यांनाही एकच सांगायची, मावशी धड पोचेल अशी गाडी मिळाली तर तिच्यासकट येऊ, नाहीतर नाही.

आता चार बायका आत बसतील आणि मागे ही चुलींची ट्रॉली ओढली जाईल अशी गाडी म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच उत्तर, डिझेल. आबा म्हणाले, "डिझेल ते डिझेल शे." आमचा मेकॅनिक म्हणाला, ताई, ओढायचं काम असेल तर पेट्रोलचं नाव काढू नका, पेट्रोल नुसतं प्यायचं काम करतं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून टॉर्क हा शब्द शिकले होते आणि तो दिवसातून दहादा वापरत होते. डिझेल कमी फेऱ्यांत जोर देतं हे खरं, पण इंजिन मोठं असेल तर पेट्रोलही ओढतं, असं मी सगळ्यांना समजावायची. आबा ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "तू वढीसन पाह्यं का?" नव्हतं पाहिलं.

दारात दोन-तीन डिझेलच्या पिकअप बघायला आल्या. दमदार होत्या, ट्रॉलीला हूक लावला की निघायच्या. पण आई दर वेळी मावशीला काहीतरी निमित्त काढून बोलवायची आणि मागच्या सीटवर बसवायची. गाडी सुरू झाली की मावशीचा पदर नाकाला. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपुढे कुठलीच गाडी गेली नाही. मावशी उतरून म्हणायची, गाडी चांगली आहे, मीच वाईट आहे. हे वाक्य मला फार लागायचं.

पेट्रोलची, मोठ्या इंजिनाची आणि दोन ओळी सीट असलेली पिकअप आपल्याकडे शोधून सापडत नाही. मला सापडली ती धुळ्याला. कोणा हौशी डॉक्टरने जंगलात फिरायला घेतली होती आणि हौस फिटल्यावर विकायला ठेवली होती. लळिंग घाटाच्या पायथ्याशी, जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे ती उभी होती. आबा बघायला तयार झाले, पण ट्रॉली घेऊन. ते शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरमागे चुली ओढत पहाटेच निघाले. परतताना पिकअपच चालवायची म्हणून माझी गाडी घरी ठेवून आम्ही तिघी एसटीने. मावशीने पारोळ्याच्या आधीच लिंबू काढलं आणि धुळ्यात उतरली तेव्हा तिला धरून चालवावं लागलं. आईचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, आज हिला आणलं हीच चूक झाली.

आबांनी ट्रॉली पिकअपला जोडली, पिशवीतून साखळ्या काढल्या आणि ट्रॉलीची दोन्ही चाकं बांधली. व्यापारी आधी हसला, मग घाबरला. "आबा, क्लच जळेल हो." आबा म्हणाले, "पयले वढू दे." मी गाडीत बसले, पहिला गिअर टाकला आणि हळूहळू क्लच सोडला. इंजिन घुमलं, ट्रॉली थरथरली आणि मातीत दोन खोल चर पाडत सरकली. आबांनी टोपी काढून डोकं पुसलं. हे मी बैलबाजारात पाहिलेलं आहे. पसंत पडलं की ते टोपी काढतात.

"घाट चढी का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चला, बघू. आबांनी खाली वाकून आपल्या बाजूची साखळी सोडली आणि पुढे येऊन बसले. मागे आई आणि मावशी. व्यापारी आमच्या ट्रॅक्टरपाशी थांबला, जणू ट्रॅक्टर त्याच्याकडे तारण ठेवलेला होता.

मावशीने खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले होते. मी आरशात तिच्याकडेच बघत होते. गाडी थोडी डावीकडे ओढत होती, मला वाटलं रस्त्याचा उतार असेल. इंजिन शांत, धडधड नाही, वास नाही. घाट लागला तरी चाल मोडली नाही. मागून येणारे गाडीवाले हॉर्न वाजवत होते, हात करत होते. अशी गाडी या रस्त्याने कोणी पाहिली नसेल, या कौतुकात मीही त्यांना हात करत होते. एका ट्रकवाल्याने तर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हातवारे केले. आबा म्हणाले, ओळखीचा दिसतो.

घाटाच्या माथ्याजवळ मागून आवाज आला, "काहीतरी जयी राह्यनं. रबरना वास यी राह्यना."

मावशी उठून बसली होती. वास म्हटल्याबरोबर आईने पिशवी तिच्या तोंडापुढे धरली, मी गाडी कडेला घेतली. खाली उतरून बघतो तर ट्रॉलीचं डावं चाक साखळीत बांधलेलंच. टायर एका बाजूने घासून सपाट झालं होतं आणि धूर निघत होता. आबांनी आपली साखळी सोडली होती. दुसरी सोडणं विकणाऱ्याचं काम. त्या बिचाऱ्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला हे कोण सांगणार?

आबांनी वाकून ते चाक बघितलं. त्यांना स्वतःचा राग आला असावा असं मला वाटलं. पण ते वळले तेव्हा चेहरा उजळलेला होता. "एक चाक बांधेल व्हतं," ते म्हणाले, "तरी चढनी." डिझेलचा विषय आमच्या घरात त्यानंतर निघाला नाही.

मावशी अजून गाडीतच होती. धूर खिडकीतून आत जात होता आणि आई पिशवी धरून वाट बघत होती. मावशीने ती पिशवी हाताने बाजूला सारली आणि म्हणाली, "माले भूक लागनी."

रस्त्यात तिला भूक लागलेली आम्ही कोणीच कधी पाहिली नव्हती. आईने आमच्यासाठी आणलेली शिदोरी सोडली, कळण्याची भाकरी, ठेचा, शेंगदाणे. मावशी सीटवर मांडी घालून जेवायला बसली. आबा साखळी सोडवत होते. आईने तिथल्या तिथे साक्रीला फोन लावला. ती नेहमी फोनचा स्पीकर चालू करूनच बोलते, आणि त्या वेळी तिला कशाचंच भान नव्हतं.

"आम्ही येतस," ती म्हणाली.

पलीकडून आजीचा आवाज खणखणीत आला. "या, या. पन ती बाईले नका आनू, पयलेच सांगेल शे ना तुले?"

मावशीचा घास हातातच राहिला. आईने एकदा तिच्याकडे बघितलं. स्पीकर बंद करता आला असता, तिने केला नाही.

"मांडे तीच टाकी," आई म्हणाली. "ती नई ते मी बी नई. इतला दिन तेच सांगी राह्यनू."

पलीकडे कोणीतरी आजीशी कुजबुजलं. मग आजी जरा खालच्या आवाजात म्हणाली, "बरं. बठ्ठ्या या. तिले बी आना."

आईने फोन बंद केला आणि ठेच्याची डबी मावशीपुढे सरकवली. मावशीने ती घेतली नाही. ती आईच्या पायांकडे बघत होती.

"मंग तुना गुडघा?" तिने विचारलं.

"जेव तू," आई म्हणाली.