इग्वानाचं पोट

आमच्या घरात मारहाण वरणभाताइतकी रोजची होती. भाऊ माझ्याहून मोठा, कारखान्यात पाळीवर जाणारा, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. बाबा गेल्यावर तो घरचा कर्ता झाला, आणि कर्तेपण म्हणजे थोबाडीत देणं अशी त्याची समजूत. मी शाळेत शिकवणारी तिशीची बाई, तरी माझा गाल महिन्यातून एकदा तरी सुजायचाच. आई म्हणायची, "थकून येतो गं तो. तूच गप्प बसत जा."

अशा घरात मी इग्वाना आणली. बडोदं सोडून परदेशी निघालेल्या मैत्रिणीने ती माझ्या गळ्यात मारली होती. मोठ्या सरड्यासारखी, हिरवीगार, शेपटीसकट हातभर लांब. भाऊ तिला घोरपड म्हणायचा. एकदा त्याने तिला पायाने ढोसलं, तेव्हा तिने शेपटीचा असा फटका दिला की त्याच्या पोटरीवर वळ उठला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तेव्हापासून तिला विश्वामित्री नदीत मगरींपुढे टाकायची धमकी तो रोज द्यायचा.

आईने मात्र तिला जीव लावला. जेवणाआधी गाईचा घास काढायची तिची जुनी सवय. चौथ्या मजल्यावर गाय कुठून यायची? मग तो तूपभाताचा घास जायचा इग्वानापुढे. अगं, ती पाला खाणारी आहे, तिला भात सोसत नाही, असं सांगून माझं तोंड दुखलं. "मुक्या जिवाला घास घालण्यात कसलं आलंय पाप," आई म्हणायची, आणि मी शाळेत गेले की घास सुरूच.

उन्हाळ्यात तिने खाणं सोडलं. रोज सकाळी होणारी शी बंद झाली. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं, हाताला टणक लागायला लागलं, अंगाचा हिरवा रंग काळवंडला. शेपटी वर करून ती कुंथायची आणि काहीच यायचं नाही. आईने तान्ह्या बाळाला लावतात तसा तिच्या पोटाला हिंगाचा लेप लावला. मी तो पुसून काढला आणि तिला रिक्षात घालून गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. "कबजियात छे, बेन. अंदर कंईक फसायुं छे. शुं खवडाव्युं?" आत काहीतरी अडकलंय म्हणे; काय खाऊ घातलं याला मी तूपभात म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. तोंडातून द्यायला पातळ औषध दिलं. कोमट पाण्यात दिवसातून दोनदा बसवा, पोटावरून पुढून मागे हलका हात फिरवा, दाबू मात्र नका, आतडं फाटेल, असं बजावलं. यानेही मोकळं झालं नाही तर पोट फाडावं लागेल, आणि त्यातून ती वाचेलच असं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीघरात टबाशी बसले होते. ती पाण्यात डोळे मिटून पडलेली, माझा हात तिच्या पोटाखाली. भावाची पाळीवर जायची वेळ झाली होती, त्याला अंघोळ करायची होती. त्याने दारावर लाथ मारली, कडी उचकटली. मी म्हटलं, पाच मिनिटं थांब, मरतेय ती. "मरू दे," म्हणाला आणि माझे केस धरून मला ओढलं. माझं कपाळ नळावर आपटलं, रक्त डोळ्यात ओघळलं. त्याने तिला पोटालाच धरून उचललं. तिने जबडा उघडला आणि त्याच्या अंगठ्यात दात रोवले. तो ओरडला, तिला भिंतीवर आपटायला त्याने हात मागे घेतला.

तेवढ्यात आई आली. तिच्या हातात लाटणं होतं. तिने ते त्याच्या मनगटावर घातलं, मग खांद्यावर, मग पुन्हा मनगटावर. हाड वाजलेलं मी ऐकलं. इग्वाना टबात पडली. आई त्याला मारत मारत दारापर्यंत घेऊन गेली आणि म्हणाली, "मुक्या जिवावर हात टाकतोस? चालता हो माझ्या घरातून." तो मनगट धरून जिना उतरला. आईचा हा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

टबातलं पाणी गढूळ झालं होतं. त्यात घाण होती, आणि घाणीत कापसाच्या चार-पाच फुलवाती. तुपात भिजवून देवापुढच्या वाटीत ठेवलेल्या. तुपाची चटक लागलेली ती देवघरापर्यंत पोचली होती. पोट मऊ पडलं. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले आणि जीभ काढून टबाची कड चाटली. आई तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. "माझ्या हातून गेली असती गं."

माझ्या कपाळाचं रक्त तोवर हनुवटीपर्यंत आलं होतं. मला आनंद झाला होता आणि संतापही आला होता. मी विचारलं, "आणि मला मारायचा तेव्हा कुठे होतं तुझं लाटणं?"

आई पदराने टबाची कड पुसत राहिली. मग म्हणाली, "तिला बोलता येत नाही ना गं."

"मला येत होतं," मी म्हटलं. "तुलाच तर हाका मारत होते."