बुडबुडेवाले भाऊजी

आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या भाऊजींनी काचेच्या टाकीत मासे पाळलेत, पण त्यांना मिरवायची असतात ती टाकीतली हिरवी झाडं. झाडांना कार्बन डायऑक्साइड वायू मिळावा म्हणून कोल्ड्रिंकच्या बाटलीत साखरपाणी आणि यीस्ट घालून ठेवतात आणि सलाइनच्या नळीतून त्याचे बुडबुडे टाकीत सोडतात. "वहिनी, बाजारातलं सिलिंडर कायले पाहिजे? आपली बाटली काम करून राहिली न," असं आल्यागेल्याला ऐकवतात.

मागच्या उन्हाळ्यात बाटली तापली आणि बुडबुडे भराभरा सुटायला लागले. भाऊजी खूश. मी विचारलं, "पण मासे वर येऊन तोंड काहून उघडून राहिले?" वायू जास्त झाला की माशांना दम लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नळी उपटली आणि पाण्यात हवा मिसळावी म्हणून चहा निववतात तसं लोट्यानं टाकीचं पाणी वरून ओतत बसले. ताट वाढलेलं होतं, तरी उठले नाहीत. मासे खाली गेल्यावर म्हणाले, "आता उन्हाळाभर बाटली बंद. झाडं पिवळी पडली त पडू द्या."

बढाया मारतात हो, मारू देत. मी मात्र आता पवनीला लेकीकडे जाताना घराची किल्ली त्यांच्याकडेच देऊन जाते.