कुलपाला पाजलेलं जवसाचं तेल

कुलपात तेल मी घातलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. कारण सांगायची वेळ होती तेव्हा माझी दातखीळ बसली, आणि जेव्हा सांगितलं तेव्हा ते कुणाला खरं वाटलं नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मी मोताळ्याच्या मराठी शाळेत मास्तर होतो. धाब्याचं दोन खणांचं घर आणि त्यात आम्ही दोघं, मी आणि माझी थोरली बहीण. तिला मी बाई म्हणायचो. आई गेली तेव्हा मी दीड वर्षाचा होतो, वडीलही मागोमाग गेले. बाईला धामणगाव बढ्याला दिलेलं होतं. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला आणि ती मला सांभाळायला परत आली, ती राहिलीच. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण माझ्या पाटीवर पहिला श्री तिनंच काढला. तो तेवढा कुणाकडून तरी शिकून आली होती.

घराची चावी तिच्या पदराच्या टोकाला बांधलेली असायची. घरात काय शिजायचं, कुणाला काय द्यायचं, पाहुण्याला कुठं झोपवायचं, सगळं ती ठरवायची. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. उलट बरंच होतं. मला फक्त जेवायचं आणि रागवायचं एवढीच कामं उरलेली होती, आणि दोन्ही मी मन लावून करत असे. पोरांवर ओरडून ओरडून माझा आवाज असा झाला होता की मीठ मागितलं तरी दरडावल्यासारखं वाटायचं.

चैत्रात माझं लग्न ठरलं. घराला जरा रूप यावं म्हणून सुताराकडून समोरच्या दाराच्या कुजलेल्या फळ्या बदलून घेतल्या. जाताना तो म्हणाला, “मास्तर, कवाडाले जवसाचं तेल पाजा. पंचवीस वर्सं काही होत नाही त्याले.” जवसाचं तेल आमच्याकडे घाण्यावरून आणलेलं असायचंच, चटणीवर घ्यायला. बाई चावी माझ्याजवळ ठेवून नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी चिंधी घेतली आणि दुपारभर दार चोळलं. लाकूड असं उजळलं की मी दोनदा रस्त्यावर जाऊन लांबून पाहून आलो.

वाटीत थोडं तेल उरलं. परत बुधल्यात कशाला ओता, म्हणून मी कुलूप काढलं, त्याच्या तोंडात वाटी रिकामी केली आणि चावी चार वेळा फिरवली. लोण्यात फिरावी तशी फिरली. मी स्वतःवर इतका खूश झालो की बस. बाईला सांगितलं नाही. लपवायचं होतं म्हणून नव्हे, सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही.

लग्न झालं, बायको घरात आली, पाऊसपाणी सुरू झालं. आषाढात एकदा बाई म्हणाली, “बाबू, कुलूप जरा जड जाऊन राह्यलं रे.”

तेल घातलेलं कुलूप जड कसं जाईल? मी पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणालो, “कुलूप जड नाही बाई, तुहा हात हलका झाला.”

ती हसली. बायकोही तोंडाला पदर लावून हसली. माझा विनोद मला आवडला, म्हणून पुढच्या महिन्याभरात तो मी आणखी दोन-तीनदा केला.

मग श्रावणातला तो बाजारचा दिवस. शाळेचं छप्पर गळत होतं, म्हणून हजेरीपट मी घरी आणून ठेवला होता. आणि कळवल्याशिवाय शाळेवर डिपुटी साहेब येऊन उभे राहिले. शाळा तपासणारे हे डिपुटी म्हणजे आम्हा मास्तरांचं दैव. त्यांनी पट मागितला. मी धावत घरी आलो तर दाराला कुलूप. बाई आणि बायको बाजारात. तसाच बाजारात गेलो, भाजीवाल्यांच्या गर्दीतून दोघींना शोधलं आणि जवळजवळ ओढतच आणलं.

बाईनं पदराची गाठ सोडली, चावी घातली. चावी फिरेना. तिनं पुन्हा घातली, काढून पुसली, पुन्हा घातली. घामानं तिची बोटं घसरत होती. समोरच्या घरातल्या बाया ओट्यावर आल्या. मला शाळेत खुर्चीवर बसलेले डिपुटी दिसत होते, आणि त्यांच्या हातातली ती लाल पेन्सिल.

“काऊन बाई, एक कुलूप उघडत नाही तुले?”

“उघडते रे बाबू, थांब जरासाक.”

“कितीक थांबू? सरक तिकडं!” मी बायकोला पुढे केलं. ती चांगली शेतातली, हाडापेरानं मजबूत. तिनं दोन्ही हातांनी चावी धरली, ओठ चावला आणि जोर लावला. कुलूप कट्कन उघडलं.

झालं. मला पुरावा मिळाला. तेल घातलेलं कुलूप, तीच चावी, एकीला उघडलं आणि दुसरीला नाही. मी सगळ्या गल्लीसमोर म्हणालो, “हात गेले तुह्ये बाई आता. तुह्या भरोशावर माही नोकरी जाईन. दे ती चावी तिच्याजवळ. आजपासून तिच्याचजवळ राहील.”

बाईनं आपल्या हातांकडे पाहिलं. तळवे वर करून, मग उलटे करून. त्याच हातांनी तिनं त्या सकाळी जात्यावर पायलीभर ज्वारी दळली होती. हे मला तेव्हा आठवलं नाही. आठवायला हवं होतं, तिच्या दळण्याच्या आवाजानंच मी रोज जागा व्हायचो. बायको चावी घेईना. बाईनं तिची मूठ उघडून तीत चावी ठेवली आणि म्हणाली, “घे बापा. मीच देणार होतो.”

डिपुटी साहेबांनी हजेरीपटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पोरांना दोन पाढे विचारले, पाणी प्यायले आणि निघून गेले.

पोळा झाल्यावर बाई म्हणाली, “पुतसुनेचं बाळंतपण हाये, धामणगावले जाऊन येतो.” धामणगावला तिच्या दिराचा मुलगा होता, त्याची बायको गरोदर होती हे खरं. पण बाळंतपणाला अजून तीन महिने होते, आणि हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, “जा, बदल होईल तेवढा.” बैलगाडीत तिचं गाठोडं मीच ठेवलं. गाठोडं मोठं होतं. थोड्या दिवसांसाठी कुणी दोन्ही गोधड्या नेत नाही, हेही मला कळलं होतं. कळून मी गप्प बसलो, कारण एकदा बोललेला शब्द मागे घ्यायची मला सवय नव्हती.

दिवाळीला आठ दिवस असताना कुलूप बायकोच्या हातालाही आलं नाही. तिच्या तळव्याला वळ उठले. मग मी जोर केला, चावीच वाकली. शेवटी पहारीनं कोयंडा उपटला आणि कुलूप पिशवीत घालून बाजारात नेलं. तिथं चाव्या करणारे एक म्हातारे मियाँ बसायचे. त्यांनी कुलूप हलवलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

“मास्तर, याले जवसाचं तेल कोनं पाजलं?”

मी म्हणालो, “काय माहीत बुवा.”

बघा. पहिल्याच झटक्याला, एका परक्या म्हाताऱ्यापुढंही, मला खरं बोलवलं नाही.

त्यांनी मागचा पत्रा खोलला. आत पिवळट डिंकासारखं काहीतरी साचून घट्ट झालं होतं, सगळे खटके त्यात रुतलेले. घासलेटात बुडवून ते सुईनं खरवडत ते सांगत राहिले, “जवसाचं तेल वाळते, मास्तर. लाकडावर वाळलं तं चांगलं, चमक येते, पानी लागत नाही. तेच कुलपात वाळलं का खतम. पयले थोडं जड जाते, मंग जोरवाल्याच्याच हातानं उघडते, मंग कोनाच्याच नाही. ज्यानं टाकलं त्याले चार महिने काही समजत नाही.”

चैत्र ते श्रावण मी बोटांवर मोजलं. मी तिथंच, त्यांच्या पोत्यावर, त्यांनी बस न म्हणता बसलो. मोकळं झालेलं कुलूप घरी आणलं, तर बायकोनं विचारलं, काय झालं होतं? मी म्हणालो, गंज. तिनं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि चुलीकडे वळली. मला माझी लाज वाटत होती. अगदी साधी, उघडी लाज, पोरानं पाटी फोडून दुसऱ्याचं नाव सांगितल्यावर वाटते तशी.

भाऊबीजेला मी धामणगावला गेलो. आजवर बाई घरातच ओवाळायची, बहिणीच्या दारी जायची ही माझी पहिलीच वेळ. वाटभर मी वाक्यं जुळवली. बाईच्या पुतण्यानं चांगलं स्वागत केलं. बाई आतून आली, मला पाहून तिचा चेहरा फुलला. पाट मांडला. पण ओवाळायच्या वेळी तिनं ताट स्वतः उचललं नाही. पुतसुनेला म्हणाली, “तू धर वो ताट, मी नुसता हात लावतो. माह्या हाताचा भरोसा नाही राह्यला.”

पुतण्या म्हणाला, “काकू आता जात्यालेही हात लावत नाही. विहिरीवरही जात नाही, म्हणते दोर सुटन हातातून.”

मी पाटावरून उठलोच. “बाई, तुह्या हाताले काही झालं नाही. कुलपात तेल मी टाकलं होतं. जवसाचं. त्यानं कुलूप जाम झालं. तुही काहीच चूक नव्हती, सगळी माही.”

ती हसली. “काहीही सांगते. तेल टाकल्यानं कुलूप मोकळं होते का जाम होते?”

“जवसाचं वाळते बाई. गोठते आतमंधी.”

“जल्मभर खाल्लं मी जवसाचं तेल. माह्या पोटात तं नाही गोठलं.” सगळे हसले. मी बाजारातल्या मियाँचं सांगितलं, विद्येची शपथ घेतली, आवाज चढवला. जितकं पटवू पाहिलं तितकी ती विरघळत गेली. तिनं डोळे पुसले आणि पुतण्याला म्हणाली, “पाह्यलं? असा माहा भाऊ. माही चूक आपल्या अंगावर घेऊन राह्यला, माह्या मनाले लागू नये म्हून.” मी परत चल म्हणालो, तर म्हणाली, “नको बाबू. बाळंतपण आहे इथं. अन् तुह्या घरी सून हुशार आहे, तिचं चालू दे.” संध्याकाळपर्यंत त्या गल्लीत मी गुणाचा भाऊ झालो होतो.

पुढच्या वर्षी मला मुलगी झाली. बाई बारशाला आली नाही, अंगात बरं नाही असा निरोप आला. मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा मी आणि बायको तिला घेऊन धामणगावला गेलो. बाई भिंतीला टेकून बसली होती. मी पोरगी तिच्यापुढं धरली.

“खाली ठेव बाबू, गोधडीवर,” ती घाईनं म्हणाली. “मी इथूनच पाह्यतो.”

पोरगी माणसाळलेली होती. ती बाईकडे झेपावत होती, बोळक्या तोंडानं आवाज काढत होती. बाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“घे ना बाई,” मी म्हणालो. “मले तूच वाढवलं ना? घे.”

“तवा हात होते,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, माझ्याबद्दल कौतुकच होतं. “तुले माह्या आधी दिसलं बाबू, ते गेले म्हून.”