लाईट आल्यावर घाबरलेला माणूस

ती दुपार आठवली की आधी मला माझा तळहात आठवतो. नोकरीत तलवारी पाहिल्या, दगड झेलले, पण एखाद्या भिंतीची भीती वाटावी हे त्याच दिवशी घडलं.

सोलापूरच्या पूर्व भागातलं एक पोलीस ठाणं तेव्हा माझ्याकडे होतं. ऐन उन्हाळा. ठाणे अंमलदारासमोर एक बाई बसली होती. तेलुगू विणकराच्या घरातली, घरी बसून टॉवेलच्या किनारी शिवणारी. तिची तक्रार ऐकून अंमलदाराला हसू आवरेना, म्हणून मी तिला आत बोलावलं.

"साहेब, आमची भिंत तापतीया," ती म्हणाली. "चूल न्हाय, काय न्हाय. पलीकडचा कारखाना बंद हाय म्हन्त्यात, पर आतनं घुं घुं आवाज येतो की."

त्याच भिंतीला लागून तिच्या सासूची खाट होती. म्हातारीची एक बाजू लुळी पडलेली. थंडीत तिला ती ऊब बरी वाटायची, म्हणून कोणी काही बोललं नाही. आता मात्र तिथं हात ठेववत नव्हता. खाट हलवायला जागा नव्हती, कारण उरलेल्या खोलीत शिलाईला आलेल्या टॉवेलांचे ढीग होते.

बंद कारखाना, आतून ऊब आणि आवाज. पोलिसाचं डोकं ठरलेल्या वाटेनंच जातं. मला हातभट्टीचा संशय आला. बाईला घरी जायला सांगितलं, स्टेशन डायरीत नोंद केली आणि दोन हवालदार पाठवले. दाराला कुलूप होतं, पण किल्ली घेऊन येणारा मालक त्यांना दारातच सापडला. ते त्याला घेऊन आले. कुलूप उघडायचं तर साक्षीला पंच हवेत, आणि दुपारच्या उन्हात पंच म्हणून यायला कोण तयार होतो? माणूस धाडून आम्ही वाट बघत बसलो.

मालक म्हणजे तिशीचा, शिकलेला, नीटनेटका गडी. वडिलांचे यंत्रमाग त्यानं भंगारात काढले होते. आत काय आहे विचारलं, तर म्हणाला, सूत आहे. सुताला ऊब कशी येते विचारल्यावर पुन्हा सूतच म्हणाला. मी आवाज चढवला नाही, चहा मागवला. खोटं बोलणाऱ्याला हात गुंतवायला काहीतरी लागतं, कप दिला की हात बोलू लागतात. याचे हात मात्र स्थिर होते, फक्त तो सारखा वरच्या पंख्याकडे बघत होता.

तेवढ्यात लाईट गेली. सगळं ठाणं कण्हलं. या गड्यानं मात्र सुस्कारा सोडला, खुर्चीला पाठ टेकली आणि पाणी मागितलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात लाईट गेल्यावर सुटकेचा श्वास सोडणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. 

लाईट आली. पंखा फिरला, हवालदार "आली बाबा" म्हणाला, आणि समोरच्या माणसाचा चेहरा पांढराफटक पडला. हातातला पेला दातांवर वाजायला लागला. त्याच्या डोळ्यांत तुरुंगाची भीती नव्हती, ती मला ओळखता येते. ही दुसऱ्या कुणासाठी होती.

मी विचारलं, "लाईट आल्यावर तिथं काय होतं?"

"साहेब, मला आत टाका," तो म्हणाला. "पर त्या बाईला आन् म्हातारीला आदी भाईर काडा."

जीप निघाली. विजेच्या कार्यालयाला आणि अग्निशमनला फोन झाले. वाटेत त्यानं सगळं ओकलं. आत बिटकॉइनसारखं कॉम्प्युटरवरचं चलन कमावण्याची यंत्रं होती. ग्राफिक कार्डं ओळीनं जोडून त्यांना रात्रंदिवस आकडेमोडीला जुंपलेलं. हे कार्ड वीज खातं आणि ऊब ओकतं. प्रत्येकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातून, म्हणजे सप्लायमधून, स्वतःची जाड केबल लागते. यानं एका बारीक प्लगला फाटे फोडून दोन-दोन कार्डं लटकवली होती. वर सगळी वीज मीटरच्या आधीच वायर मारून चोरलेली. भार वाढला की वीज तोडायला मध्ये फ्यूज नाही, एमसीबी नाही. म्हणूनच तो तोंड उघडत नव्हता.

हे सगळं तगून होतं ते एका मोठ्या पंख्यावर. तो पंखा वडिलांच्या वेळच्या मागाच्या स्टार्टरवर होता. लाईट गेली की यंत्रं थांबतात आणि स्टार्टरही बंद पडतो, तो परत हिरवं बटण दाबल्याशिवाय उठत नाही. लाईट अचानक येऊन माग आपोआप सुरू झाला आणि कुणाचा हात सापडला, असं होऊ नये म्हणून ती सोय. यंत्रं मात्र लाईट येताच आपोआप सुरू व्हावीत, असं यानं करून ठेवलं होतं. ठाण्याची आणि कारखान्याची लाईन एकच. दर वेळी धावत जाऊन बटण दाबणारा हा एकटाच, आणि तो माझ्यासमोर चहा पीत बसला होता.

बाईच्या घरात शिरलो. जळक्या प्लास्टिकचा वास आला. मी भिंतीला तळहात लावला आणि चटका बसून मागे ओढला.  टॉवेलांचा ढीग भिंतीला टेकलेला, खाटेवर म्हातारी, आणि ढिगामुळे खाट दारातून निघेना. बाईनं सासूच्या अंगाखालची चादर खेचून कोपरे आमच्या हातात दिले. दोन हवालदारांनी धरले, तिसरा मी धरला, चौथा त्या गड्यानं. म्हातारी तेलुगूत ओरडत होती. बाई तिचं डोकं सांभाळत उलटी चालत होती.

म्हातारी बाहेर निघताच एक हवालदार किल्ली घेऊन कारखान्याकडे धावला. तो गडी मागून ओरडला, "दार उगडू नका. पानी मारू नका. करंट चालू हाय."

लाईनमननं ट्रान्सफॉर्मरवरून लाईन तोडली आणि तो घुं घुं आवाज थांबला. तेव्हा कुठे दार उघडलं. मागांच्या लाकडातून केलेली मांडणी पेटली होती. प्लग वितळून मेणासारखे ओघळलेले. अग्निशमनवाल्यांनी आग विझवली. अलीकडे बाईच्या खोलीत ढिगातले भिंतीकडचे टॉवेल तपकिरी झाले होते. अजून थोडा वेळ गेला असता, तर पंचनामा वेगळाच लिहावा लागला असता.

वीजचोरीचा आणि जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा दाखल झाला. जबाब देताना तो एकदाच रडला. म्हणाला, बापानं परक्या मजुराच्या हातासाठी स्टार्टर बसवला होता, आणि मी शेजारणीच्या जिवासाठी साधा फ्यूज ठेवला नाही. मला त्याची दया आली, आणि त्याच्या कानशिलात द्यावीशीही वाटली. दोन्ही खरं.

आरोपी काय लपवतो हे शोधायला मला खात्यानं शिकवलं. तो कशाकडे डोळे लावून बसला आहे, हे बघायला या प्रकरणानं शिकवलं. भीतीला खोटं बोलता येत नाही. ती नेमकी कुणासाठी आहे तेवढं ओळखता आलं पाहिजे.

आता निवृत्त आहे. लाईट गेली की घरात सगळे वैतागतात, आली की नातवंडं टाळ्या पिटतात. मी उठतो आणि शेजारच्या घराला लागून असलेल्या भिंतीवर तळहात ठेवतो. बायको आधी हसायची. आता ती पंख्याच्या बटणावर बोट ठेवून थांबते, आणि मी मान डोलावली की मगच दाबते.